पाठीमागचं दगडफूल

केलेनको गावातल्या मेलेल्या माणसांची खडान्‌खडा माहिती दोघांनाच होती. एक, जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतले मुख्य कारकून एव्हारिस्तो बार्रिया. आणि दुसरा, दफनभूमीचा राखणदार ओनोफ्रे. माणूस कधी गेला हे एव्हारिस्तोंना तारखेनिशी ठाऊक असे, आणि तो सध्या कुठे आहे हे ओनोफ्रेला. (खरोखर कुठे गेला, हा प्रश्न पाद्रीबाबांच्या खात्यातला. दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं नाही, ही कचेरीतली शिस्त एव्हारिस्तो घरीदारी पाळत.)

पण १९९४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या जानेवारीत, त्यांनी ही शिस्त मोडली. कारण पोरीचं कौतुक. बापाच्या हातून पोरीच्या कौतुकात जेवढे गुन्हे घडतात, तेवढे रागाच्या भरात घडत नाहीत.

त्यांची यास्ना विद्यापीठात जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. विद्यापीठानं सुट्टीत संशोधन करायला सहा विद्यार्थी निवडले, त्यांत ही एक. विषय होता एकमेकांच्या आधारानं जगणारे जीव. पत्र आलं त्या दिवशी एव्हारिस्तोंनी ते बेकरीत वाचून दाखवलं, न्हाव्याकडे वाचून दाखवलं, आणि मृत्यूची नोंद करायला आलेल्या एका विधवेलाही, तिचं सांत्वन म्हणून, वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी गावात बातमी होती की बार्रियांची पोर डॉक्टर होऊन आली असून ती पित्ताशयातले खडे बघते. खडे नव्हेत, दगड, एवढीच दुरुस्ती करायची होती.

"दगडफूल," यास्नानं संध्याकाळच्या चहाला समजावून सांगितलं. "दगडावर ते करडे, पिवळे गोल चट्टे असतात ना, ते. तो एक जीव नसतो आई, दोन असतात. बुरशी आणि शेवाळ. बुरशी घर देते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. एकमेकांवाचून दोघांचं चालत नाही."

नोल्फानं पावाला मुर्ता या रानफळाचा जॅम लावता लावता नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे आपल्यासारखंच की. पंचवीस वर्षं स्वयंपाक मी करतेय. पण घर तर माझ्या बाबांचं. मग अहो, तुम्ही कोण?"

"कधी कधी तिसराही कोणीतरी त्यात राहत असतो," यास्ना म्हणाली. "तो नेमकं काय करतो, ते शास्त्राला अजून कळलेलं नाही."

एव्हारिस्तोंनी मानी माणसासारखा पाव उचलला आणि सगळा संपवला.

यास्नाचा बेत तसा साधा होता. दगडफूल वर्षाला एखाद-दुसरा मिलिमीटर वाढतं. कबरीच्या दगडावर तारीख कोरलेली असते. मग चट्टा मोजायचा, वर्षं मोजायची आणि वाढीचा वेग काढायचा. जोडीला तांदळाच्या कणीएवढा तुकडा खरवडून त्यात कुठलं शेवाळ राहतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. चाळीस दगड हवे होते. अट एकच, दगड बसवल्यापासून कोणी घासलेला नसावा. फेब्रुवारीच्या शेवटी प्राध्यापक इर्मगार्दबाई स्वतः काम बघायला येणार होत्या. त्यांच्या पसंतीला उतरलं तर पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत जागा.

दफनभूमी नगरपालिकेची. परवानगी मागायला गेल्यावर पालिकेच्या खिडकीवरच्या इसमानं विचारलं, "दगड खरवडणार म्हणजे दुरुस्ती की नुकसान?"

"दोन्ही नाही. संशोधन," यास्ना म्हणाली.

"संशोधनाचा अर्ज नाही. दुरुस्तीचा घेतलात तर गवंड्याची सही लागेल. नुकसानीचा घेतलात तर पोलिसांची."

यास्ना रडकुंडीला आली, पण एव्हारिस्तोंचा चेहरा उजळला. समोरचा माणूस आपल्या तोडीचा आहे हे त्यांनी ओळखलं. तीन दिवस दोघे एकमेकांना नियम वाचून दाखवत होते. बुद्धिबळाचे दोन उस्ताद भेटावेत तसा तो सोहळा झाला आणि शेवटी बरोबरी ठरली: प्रत्येक कबरीच्या वारसाची लेखी संमती, दोन प्रतींत.

"संमतीचं माझ्याकडे लागलं," एव्हारिस्तो म्हणाले. "तू फक्त दगड निवड."

यास्नानं ओनोफ्रेला बरोबर घेऊन दोन दिवसांत दगड निवडले. ओनोफ्रेनं हातातला मात्याच्या कडू चहाचा पेला खाली न ठेवता, केवळ हनुवटीनं, सगळे दाखवले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. केलेनकोत एक नोव्हेंबरला, मेलेल्यांची आठवण करायच्या सणाला, सारं गाव दफनभूमीत लोटतं. फुलं येतात, दगडाची पुढची बाजू साबणानं धुतली जाते, नावं पुसली जातात. मागची बाजू मात्र कोणी बघत नाही, कारण मागून कोणी जात नाही. त्यामुळे पुढून गाव कसं चकाचक आणि मागून सगळं रान. यास्नाला चाळीस पाठी मिळाल्या.

एव्हारिस्तोंनी त्या चाळीस जणांची यादी आपल्या नामांकित वळणदार अक्षरात लिहिली, वर 'विद्यापीठाने निवडलेल्या कबरी' असा मथळा दिला, आणि सगळ्यांची सोय व्हावी म्हणून दफनभूमीच्या फाटकावर डकवली.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. निवड म्हणजे मान, असा गावानं अर्थ लावला. लोक फाटकाशी येऊन नाव वाचत आणि टोपी सारखी करत. वारस स्वतःहून कचेरीत येऊन सह्या करून जात. समोरच्या घरातल्या एदुल्विनाबाईंच्या नवऱ्याचं नाव यादीत नव्हतं. त्या सफरचंदाचा कुखेन, म्हणजे भट्टीत भाजलेला केक, घेऊन आल्या.

"शेजारी, माझ्या आर्नाल्दोत काय कमी होतं? रेल्वेत तीस वर्षं नोकरी. एकदाही गाडी चुकवली नाही."

"बाई, निवड मी करत नाही."

"पण अक्षर तुमचंच आहे ना?" कुखेन टेबलावर सरकवत त्या म्हणाल्या.

एव्हारिस्तोंनी कुखेनचे दोन तुकडे खाल्ले आणि आर्नाल्दोला एकेचाळिसावा म्हणून राखीव यादीत टाकलं. एदुल्विनाबाईंनी ही गोष्ट गावभर केली. मग काय, ज्याच्या घरात भट्टी होती त्याच्या घरात कुखेन भाजायला लागले. नोल्फा म्हणाली, "म्हातारबा, तुमच्या पोटावर आता दगडफूल उगवेल."

बारा दगड मोजून झाले होते, त्या शुक्रवारी एदुल्विनाबाई चहाला आल्या. गप्पा रंगात आल्या होत्या. त्यांनी यास्नाचा गालगुच्चा घेतला आणि सहज विचारलं, "पोरी, तुम्ही निवड कशावरून करता गं? घराण्यावरून की पुण्याईवरून?"

एव्हारिस्तो खाकरले. टेबलाखालून त्यांनी पाय लांब केला, पण तो नोल्फाला लागला. यास्ना प्रामाणिक मुलगी. विज्ञानाचा तो दोषच आहे.

"छे हो मावशी. ज्यांची पाठ कोणी कधीच धुतली नाही, त्याच आम्ही घेतो. जितकं दुर्लक्ष, तितकं दगडफूल मोठं."

एदुल्विनाबाईंनी कप बशीत ठेवला. मग दोन गोष्टी त्यांच्या एकदमच लक्षात आल्या. आपल्या आर्नाल्दोची निवड झाली नव्हती कारण त्यांची पाठ स्वच्छ होती. आणि ती स्वच्छ असूनही आपण कुखेन देऊन त्यांना घाणेरड्यांच्या यादीत घुसवलं होतं.

"माझं नाव काढा," त्या उठत म्हणाल्या. "आणि कुखेनचं ताट परत द्या."

त्या रस्ता ओलांडून घरी पोहोचायच्या आत बातमी चौकात पोहोचली होती. हे कसं होतं, याचं संशोधन कुठलंच विद्यापीठ करत नाही.

शनिवारी सकाळी नोंदणी कचेरी उघडताच दारात रुदेसिंदो मास्तर उभे. वय सत्त्याहत्तर, शाळेतून निवृत्त, आता नगरपालिकेचे सभासद. अर्ध्या गावाला त्यांनी लिहायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला का शिकवता आलं नाही, ते त्या अर्ध्याला रोज सांगत असत. त्यांच्या वडिलांचा संगमरवर दफनभूमीत सगळ्यांत उंच, आणि यादीत पहिला.

"बार्रिया!"

एव्हारिस्तो एक्कावन्न वर्षांचे होते. कचेरीत त्यांच्या हाताखाली दोन माणसं होती. तरी ते ताडकन उभे राहिले आणि हात पाठीमागे गेले.

"माझ्या वडिलांची पाठ घाणेरडी आहे, असं फाटकावर तू लिहिलंस?"

"घाणेरडी नाही सर. अस्पर्श."

"अस्पर्श! भाषा मी तुला यासाठी शिकवली?" मास्तरांनी संमतीपत्र टेबलावर आपटलं. सही नव्हती, पण तांबड्या शाईनं तीन चुका दुरुस्त केल्या होत्या. "आणि 'वारस' या शब्दानंतर स्वल्पविराम येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

हाताखालच्या दोन माणसांनी रजिस्टरात तोंडं खुपसली. त्यांचे खांदे हलत होते.

रविवारी (तारीख सहा फेब्रुवारी, पण केलेनकोत अजूनही लोक 'पाठीचा रविवार' एवढंच म्हणतात) चर्चमधली मिसा संपली आणि गाव घरी न जाता सरळ दफनभूमीकडे वळलं. बादल्या, ब्रश, तारेच्या घासण्या, ब्लीचच्या बाटल्या. कोणी शिडी आणली होती. कोणी टोपलीत एम्पानादा, म्हणजे सारणाच्या करंज्या. यादीतले तर आलेच, पण आपण कधी यादीत येऊ नये म्हणून बाकीचेही आले. बायका बाह्या सारून सासऱ्यांच्या पाठी घासत होत्या. जी भावंडं वडिलांच्या वाटणीपासून बोलत नव्हती, ती एकाच बादलीत ब्रश बुडवत होती. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "आम्ही तर दर वर्षी करतो!"

एव्हारिस्तो या कबरीवरून त्या कबरीकडे धावत होते. "थांबा! अहो, फक्त मोजू द्या! तेवीस वर्षांचं दगडफूल आहे ते!"

"तेवीस वर्षं मोजताय होय?" एक बाई ब्रश उगारून म्हणाली. "माझ्या सासूनं एवढं मोजलं नव्हतं!"

"आधी तुझ्या आईची पाठ बघ!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि हशा पिकला.

हे खरं होतं. यादीत एकतिसावं नाव त्यांच्याच आईचं होतं. यास्नानं ते लिहिलं होतं आणि एव्हारिस्तोंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवलं होतं. हात कारकुनाचा. यादीत आहे ते तो लिहितो.

नोल्फा गर्दीतून आली आणि तिनं त्यांच्या हातात भरलेली बादली दिली. तिचे डोळे पाणावले होते. "अहो, जा. गाव बघतंय. माझ्याच्यानं नाही सहन होत."

ते गेले. कोपऱ्यातला साधा करडा दगड. त्याच्या मागे गवतात यास्ना बसली होती, वही गुडघ्यावर, आणि पाठ दगडाला अशी टेकून की कोणाला ब्रश लावायला जागाच मिळू नये. नाक लाल झालेलं.

"सगळे गेले बाबा," ती म्हणाली. "बारा मोजले होते, तेवढेच. आणि हा एक उरलाय."

"सरक जरा, बघू तरी दे."

ती सरकली. एव्हारिस्तो खाली बसले. तेहतीस वर्षांत आईची ही बाजू त्यांनी पाहिली नव्हती. दगडभर करडी, फिकट हिरवी, मधूनच नारिंगी वर्तुळं, एकात एक गुंतलेली. सगळ्यांत मोठं बशीएवढं, कडेला लेससारखं झालरदार. आई खिडकीच्या पडद्यांना असली झालर विणायची. एकसष्ट साली ती गेली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, कचेरीत लागून जेमतेम पंधरा दिवस झालेले. त्या आठवड्यात रजिस्टर लिहायचं काम त्यांच्याकडेच होतं. तिचं नाव त्यांनी लिहिलं. अक्षर चांगलं आल्याबद्दल साहेबांनी शाबासकी दिली होती. त्यानंतर ते दर नोव्हेंबरला येत, पुढे फुलं ठेवत, नाव पुसत, आणि निघत. जास्त वेळ थांबलं तर काय होईल, याची त्यांना धास्ती वाटायची.

हे सगळं त्यांनी यास्नाला सांगितलं. का सांगितलं, ते त्यांनाही कळलं नाही. तिनं वही मिटली आणि ऐकलं.

मग ते उठले. अर्धं गाव आता कामं टाकून बघत होतं. एव्हारिस्तो बार्रियांनी बादली उचलली आणि सगळ्यांसमक्ष गवतात ओतली.

"माझ्या आईची पाठ मी कधी धुतली नाही," ते मोठ्यानं म्हणाले. आवाज कचेरीतलाच होता, पण जरा फाटला. "आणि आता धुणारही नाही. लिहून घ्या पाहिजे तर."

कोणी हसलं नाही. एका बाईनं तर छातीवर क्रूसाची खूण केली.

तेवढ्यात दफनभूमीच्या वरच्या टोकाकडून हाक आली. हाक म्हणजे जवळजवळ कुजबुजच, पण मास्तरांची कुजबुजही शेवटच्या बाकापर्यंत पोहोचे. "बार्रिया. एकटाच ये."

रुदेसिंदो मास्तर वडिलांच्या संगमरवरामागे उभे होते. बाह्या वर, हातात ब्रश, आणि चेहरा दगडाहून पांढरा. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. घासून स्वच्छ झालेल्या पाठीवर वडिलांचं नाव कोरलेलं होतं. पूर्ण नाव, तारखांसकट. हेर्मोजेनेस हे नाव लिहिताना तिकडच्या भाषेत जे पहिलं अक्षर, H, लिहायचं असतं पण उच्चारायचं नसतं, तेच पाथरवटानं खाल्लं होतं. चूक लक्षात आल्यावर त्यानं दगड गुपचूप उलटा केला होता आणि दुसऱ्या बाजूला नाव पुन्हा कोरलं होतं. ते एक अक्षर विसरल्याबद्दल मास्तरांनी तीन पिढ्यांच्या तळहातांवर पट्ट्या ओढल्या होत्या. एव्हारिस्तोंच्याही.

एव्हारिस्तोंच्या मनात काय काय येऊन गेलं, ते न सांगितलेलं बरं. एक हाक मारली असती तर गाव धावत आलं असतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, अंगातला कोट काढला आणि दगडाच्या पाठीवर टांगला.

"उन्हाचं कोट घालवत नाही सर," ते म्हणाले. "राहू दे इथेच संध्याकाळपर्यंत."

मास्तरांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग घसा साफ करून म्हणाले, "हे... तुझ्या मुलीचं ते... पुन्हा उगवायला किती दिवस लागतात?"

"वर्षं लागतात सर. झाकायला वीस-पंचवीस तरी."

"आणि मधे कोणी घासलं तर?"

"मग पुन्हा पहिल्यापासून."

बुधवारी नगरपालिकेची सभा झाली. सभासद रुदेसिंदो यांनी विज्ञानाचं महत्त्व या विषयावर पाऊण तास भाषण केलं, आणि दफनभूमीतल्या कोणत्याही दगडाची मागची बाजू यापुढे कोणीही, कधीही, कोणत्याही कारणानं धुवू नये, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते.

महिनाअखेरीस इर्मगार्दबाई आल्या. उंच, पायांत गमबूट, फार न बोलणाऱ्या. यास्नानं बारा दगडांची आकडेवारी पुढे ठेवली, तेराव्याची जोडली आणि रविवारची हकिकत खाली मान घालून सांगितली. एव्हारिस्तो टोपी हातात धरून बाजूला उभे होते. मध्येच म्हणाले, "चूक माझी आहे बाई. यादी मी डकवली. पोरीला शिक्षा नको."

बाई पांढऱ्याशुभ्र पाठींच्या रांगेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी यास्नाला विचारलं, "सगळे एकाच दिवशी घासले?"

"हो. शंभरावर."

"ब्लीच लावून?"

"हो बाई."

"आणि आता कायद्यानं कोणी हात लावायचा नाही?"

"नाही."

बाई चक्क हसल्या. हसताना त्या एखाद्या शाळकरी पोरीसारख्या दिसत. "अगं मुली, कोऱ्या दगडावर ते दोघे एकमेकांना कसे शोधतात, आधी कोण येतं, बुरशी की शेवाळ, हे बघायला आम्ही आयुष्यभर दगड मागतो. दहा मिळाले तरी नशीब. तुला अख्ख्या गावानं घासून दिलेत. फक्त," त्या गंभीर झाल्या, "वाट बघावी लागेल. येशील दर वर्षी?"

यास्नानं बापाकडे पाहिलं. बापानं टोपी डोक्यावर घातली, कारण डोळे लपवायला दुसरं काही जवळ नव्हतं.

पहिली तीन वर्षं काही म्हणजे काही उगवलं नाही. गावानं गंमत म्हणून विचारावं, "काय यास्ना, पेरलं ते उगवलं का?" चौथ्या वर्षी मोहरीएवढा पहिला हिरवट ठिपका दिसला तो एदुल्विनाबाईंच्या आर्नाल्दोंच्या दगडावर. त्या दिवशी त्यांनी गल्लीत कुखेन वाटला. "सांगितलं नव्हतं? माझा माणूस कधी उशिरा पोहोचलाच नाही," त्या म्हणाल्या. तेव्हापासून फेब्रुवारी आला की लोक फाटकाशी यास्नाला गाठू लागले. माझ्या सासऱ्यांचं किती झालं? शेजारच्यापेक्षा कमी कसं? जागा बदलून मिळेल का? ज्या पाठींची लाज वाटून गावानं बोटं सोलवटून घेतली होती, त्याच पाठींवरचे ठिपके आता चष्मे लावून मोजले जात होते. ओनोफ्रे मात्यातून तोंड न काढता म्हणायचा, "यांना कशाचं तरी काहीतरी वाढलेलं पाहिजे असतं, बस."

यास्ना शिकली, शिकवायला लागली, तिच्या हाताखाली तिचे विद्यार्थी उन्हाळ्यात यायला लागले. पण केलेनकोचे दगड ती स्वतःच मोजी, आणि आकडे लिहायला दर वर्षी एव्हारिस्तोच. कचेरीतून निवृत्त झाल्यावर उरलेला हा एकच हुद्दा त्यांना होता आणि तो ते टाय बांधून सांभाळत. नोल्फा म्हणे, "तिसरा काय करतो, ते शेवटी कळलं म्हणायचं."

परवाच्या फेब्रुवारीत असेच दोघे कोपऱ्यातल्या करड्या दगडामागे बसले होते. एव्हारिस्तोंचे गुडघे आता सहजी वाकत नाहीत; यास्नानं त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणली होती. तिनं पट्टी लावली, भिंग लावलं, पुन्हा पट्टी लावली.

"गेल्या वर्षीइतकंच आहे बाबा. काही वाढलं नाही."

एव्हारिस्तोंनी आकडा लिहिला. मग शेवटच्या रकान्यात, हळूहळू, त्याच वळणदार अक्षरात आणखी काहीतरी लिहू लागले.

"बाबा, वाढ नसेल तर शेऱ्यात काही लिहायचं नसतं."

"असू दे," ते म्हणाले, आणि वही तिच्या हातात देऊन खुर्चीतून उठायला तिचा खांदा धरला.

यास्नानं पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'भेट झाली.'